बहात्तर टक्के प्रादुर्भाव

हिंगोली
१९ नोव्हेंबर २०००

चि. केतकीस,

मामाचा आशीर्वाद. सोबत चिवड्याचा डबा पाठवला आहे. उघडण्याआधी आनंद होऊ देऊ नकोस, आत चिवडा नाही, मुळं आहेत. लाल दोऱ्याने बांधलेली पुरचुंडी जिवंत रोपांची, पांढऱ्या दोऱ्याची मेलेल्यांची. तू पुण्यात पाच वर्षं मुळांचा अभ्यास करते आहेस, असं तुझी आई सगळ्यांना सांगते. आता त्या अभ्यासाचा नातेवाइकांना काही उपयोग होतो का, ते पाहू.

जवळा बाजारच्या पलीकडे, कालव्याच्या अगदी शेपटाला एक तांडा आहे. कालवा झाला तेव्हा पाणी तिथल्या शेतांपर्यंत पोचलं नाही. झिरपून जमिनीच्या पोटात मात्र पोचलं आणि खालचं मीठ वर घेऊन आलं. उन्हाळ्यात ती जमीन अशी दिसते की कुणीतरी चुना मारून वाळत ठेवली आहे. गेल्या वर्षी हिंगोली जिल्हा नवा झाला, त्या उत्साहात आमच्या महसूल कचेरीने यातली अकरा एकर तांड्यातल्या बायकांच्या गटाला झाडं लावायला दिली. अट एकच. मे २००२ संपताना शंभरातली साठ झाडं जिवंत हवीत, नाहीतर जमीन सरकारजमा. त्या फायलीत 'जमीन लागवडयोग्य आहे' हे वाक्य माझ्या हस्ताक्षरात आहे. मी जमीन पाहिली नव्हती. लिहिण्याआधी जाऊन पाहणं म्हणजे कागदावर अविश्वास दाखवणं, असं आमच्याकडे मानतात.

यंदा पाहिली. वनीकरण खात्याने दिलेली दोन हजार रोपं दसऱ्यापर्यंत खराटे झाली होती. पण गटाची प्रमुख भिकाबाई हिने, मोजणीत कमी पडली म्हणून, साठ रोपं स्वतः दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवून लावली होती. करंज आणि बाभूळ. त्यातली एक्कावन्न जिवंत आहेत. रांग तीच, पाणी तेच, मीठ तेच. खात्याचे अधिकारी अमृतराव म्हणाले, योगायोग. भिकाबाईचा दीर प्रेमदास म्हणाला, देवाची कृपा. दोघांशीही माझं पटत नाही, म्हणून तुला विचारतो.

दिवाळी झाली की हा तांडा ऊस तोडायला जातो, लेकराबाळांसकट. यंदा पहिल्यांदा सहा घरं मागे राहिली. बांधावरचं गवत आणि शेळ्या यांच्या भरवशावर. त्यांची पोरं पहिल्यांदाच नाताळातही शाळेत दिसतील. जमीन गेली तर तीही उसाच्या गाडीत बसतील. तेव्हा उत्तर लवकर दे, आणि मला समजेल असं दे.

तुझा,
राधाकृष्णमामा


पुणे
११ डिसेंबर २०००

प्रिय मामा,

मुळांना हिंगाचा वास येतो, अशी लेखी नोंद करून ठेवायला माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं आहे. पुढच्या वेळी डबा धुऊन पाठवा आणि मुळं ओल्या फडक्यात गुंडाळा.

मुळं आधी उकळून पांढरी केली, मग व्हिनेगरमध्ये निळी शाई मिसळून त्यात बुडवली. हो, तुम्ही कचेरीत वापरता तीच शाई. मुळाला ती धरत नाही, बुरशीला धरते. मेलेल्या रोपांच्या मुळांत काही दिसलं नाही, कोरी पाटी. भिकाबाईंच्या रोपांत मात्र निळ्या धाग्यांचं जाळं होतं, आणि मुळाच्या पेशींच्या आत इवल्या झाडांसारख्या फांद्या फुटलेल्या. शंभर तुकड्यांतल्या बहात्तरांत. यावरचा एक पानी इंग्रजी अहवाल सोबत जोडते.

घाबरू नका, हा रोग नाही. ही बुरशी मुळात राहते, झाडाने बनवलेली साखर खाते आणि बदल्यात राबते. मुळं पोचत नाहीत तिथवर तिचे धागे जातात, पाणी आणि स्फुरद ओढून आणतात. खाऱ्या जमिनीत रोपाची गंमत अशी होते की भोवती पाणी असून ते तहानेनं मरतं, आणि जे पाणी मिळतं त्याबरोबर मीठ पानांत जाऊन बसतं. बुरशी असली की पाणी जरा जास्त मिळतं आणि पानांत मीठ जरा कमी साठतं. एवढंच. ती मीठ खात नाही, जमीन गोड करत नाही. रोपाला तग धरायला वेळ मिळवून देते.

खात्याची रोपं चाळलेल्या वाळूत आणि भरपूर रासायनिक खतावर वाढलेली असणार. आयतं मिळालं की रोप बुरशीला दार उघडत नाही.

भिकाबाईंनी पिशव्यांत माती कुठली भरली? हे फार महत्त्वाचं आहे. बंजारा समाज पिढ्यान्‌पिढ्या बैलांचे तांडे घेऊन देशभर फिरला. जुन्या झाडाखालची माती सोबत नेण्याची काही परंपरा आहे का? असेल तर मला माझ्या प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल.

तुमची,
केतकी


हिंगोली
४ फेब्रुवारी २००१

चि. केतकीस,

तुझं प्रकरण बुडालं. माती कालव्याच्या कडेला एक जुना करंज आहे, त्याच्याखालची. मी तुझ्या शब्दांत, शक्य तितक्या आदराने, परंपरेबद्दल विचारलं. भिकाबाई म्हणाली, "परंपरा कसली, भाऊसायेब? तिथं सावली हाय. उन्हात काहून खणावं?" तुझ्यासाठी मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली की तिची सासू ज्या झाडाखाली बसायची तिथली मातीसुद्धा तिने कधी आणली नाही, कारण सासूशी तिचं पटत नव्हतं. प्रबंधात हेही घाल.

बुरशीचं सांगितल्यावर तिने विचारलं, भाकरीवर येते ती का. म्हटलं, तिची लांबची बहीण. ती तर आमी फेकतो, म्हणाली. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. साखर खाते, पाणी आणते, घरात राहते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे मुळानं बिऱ्हाडकरू ठेवलाय. याहून सोपी व्याख्या तुझ्या अहवालात नाही.

कामाचं ऐक. यंदा खात्याची रोपं घ्यायची नाहीत, असं बायकांनी ठरवलं. त्याच करंजाखालची माती वापरून दोन हजार रोपं तांड्यातच करायची. तशी परवानगी मागणारा अर्ज मी लिहिला आणि पुराव्याला तुझा अहवाल जोडला. इंग्रजी कागद आमच्याकडे उशीखाली ठेवतात, वाचत नाहीत. म्हणून मी स्वतः त्याचं शासकीय मराठीत भाषांतर केलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत इतकं भारदस्त पान माझ्या हातून उतरलं नव्हतं.

मामा


पुणे
१० फेब्रुवारी २००१

प्रिय मामा,

परंपरेचं प्रकरण मी खोडलं आहे. सावलीचं ठेवलं आहे. खरं तर तिच्या सावलीनेच काम केलं. त्या मिठात टिकलेल्या जुन्या झाडाखाली त्या मिठाला सरावलेली बुरशी सापडणारच.

करंजाखालची माती दोन हजार पिशव्यांना पुरणार नाही. खड्डा फार खणला तर तो करंजच मरेल. थोड्या मातीत दाट ज्वारी पेरायला सांगा. दीड-दोन महिन्यांनी ताटं कापून टाकायची आणि मुळांसकट ती माती प्रत्येक पिशवीत मूठभर घालायची. ज्वारीच्या मुळांत बुरशी वाढते. खत बेतानेच.

तुमच्या भारदस्त पानाची एक प्रत मला पाठवा. सरकारी मराठीत आमची बुरशी कशी दिसते, ते बघायचं आहे.

केतकी


हिंगोली
२६ एप्रिल २००१

चि. केतकीस,

ज्वारी उत्तम. पिशव्या भरून झाल्या, करंज उगवला, बाभूळ उगवली. भिकाबाईने रोपांभोवती काटेरी कुंपण केलं आहे आणि प्रेमदासला त्याच्या शेळ्यांसकट बाहेर ठेवलं आहे. भाषांतराची प्रत शोधतो आहे. कचेरीत सध्या कपाटं हलवण्याचं काम चालू आहे.

सहज आठवलं म्हणून विचारतो. समजा, केवळ ज्ञानासाठी, अशा रोपांच्या मुळाशी मोरचुदाचं पाणी ओतलं, तर त्या तुझ्या धाग्यांना काही इजा होते का? थोडंसंच ओतलं तर? खात्याने एक किरकोळ खुलासा मागवला आहे. काळजीचं कारण नाही.

मामा


पुणे
३ मे २००१

मामा,

सहज म्हणून तुम्ही आयुष्यात कुणाला काही विचारलेलं नाही. आईला फोन केला. तिने मामीला विचारलं आणि सगळं कळलं.

होते. इजा होते. मोरचूद बुरशी मारायलाच असतो. ती भाकरीवरची की मुळातली, हे तो विचारत नाही. एक थेंबही ओतू देऊ नका.

आणि मला एवढंच सांगा, माझ्या अहवालात जिथे बहात्तर टक्के लिहिलं आहे, त्याच्या पुढे तुम्ही कुठला मराठी शब्द घातलात?

केतकी


हिंगोली
२० जून २००१

चि. केतकीस,

प्रादुर्भाव.

'रोपांच्या मुळांमध्ये बुरशीचा ७२ टक्के प्रादुर्भाव आढळून आला.' मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. तुझ्या इंग्रजी शब्दाचा कोशातला पहिलाच अर्थ तो होता आणि आमच्या कचेरीत पहिल्या अर्थाच्या पुढे कुणी जात नाही. अमृतराव पुढचं काही वाचायला थांबले नाहीत. खात्याचा आदेश आला. रोपवाटिका रोगग्रस्त आहे, सर्व रोपांना अधिकाऱ्यांच्या समक्ष बुरशीनाशक पाजावं, नकार दिल्यास जमिनीचा करार रद्द करण्याची शिफारस होईल. हे मी तुझ्यापासून लपवलं. कपाटं हलवली जात नव्हती.

आता तुला चुकीचा शब्द पत्रात सांगायला फार धीर लागत नाही. भिकाबाईला सांगायला लागला. सांगितलं. ती रागावली नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. प्रेमदास म्हणाला, 'प्रादुर्भाव' खोडून 'वस्ती' लिहा. मग त्याचं त्यालाच सुचलं, की तांड्याच्या कागदावर वस्ती लिहिलं तर अतिक्रमण म्हणून उठवायला येतील. शेवटी त्याचं मत पडलं की साहेबाचं ऐकावं, साहेबाशी वाकडं नको, रोपं काय परत उगवतील.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तांड्यावर दोन बाटल्या निळी शाई घेऊन गेलो. मोरचुदाचं पाणी निळं, शाईचं पाणीही निळं. डबा बदलायचा, साहेबासमोर ओतायचं, साहेब खूश, रोपं खूश. इतकी हुशार योजना मला नोकरीत कधी सुचली नव्हती. भिकाबाईने बाटली उन्हात धरून पाहिली आणि माझ्या पिशवीत परत ठेवली. म्हणाली, "चोरून झाडं जगली, तर त्येच्या औषधानं जगली आसं हुईल. मंग आमी काय दाखवायचं?"

परवा जीप आली. अमृतराव उतरले, मागे पंप घेऊन दोन माणसं. प्रेमदासने त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. भिकाबाईने त्या खुर्चीच्या अलीकडे दोनशे पिशव्या वेगळ्या मांडल्या होत्या, काठीने रेघ ओढून. बाकीच्या अठराशेंच्या पुढे चौदा बायका बसल्या होत्या. गप्पा मारत होत्या. त्यांच्या गप्पा साहेब आल्यावरही थांबल्या नाहीत, हे अमृतरावांना सगळ्यांत जास्त लागलं असावं.

"सायेब, हे दोनशे तुमचे," भिकाबाई म्हणाली. "पाजा काय पाजायचं ते. बाकीच्याला हात लावायचा न्हाई. समदे येकाच रानात लावू, मोजायला तुमीच या."

अमृतराव म्हणाले, हा नकार समजला जाईल, तो लेखी जाईल, आणि जमीन जाऊ शकते. तिने सांगितलं, लिवा. नाव बराबर लिवा, भिकाबाई लालसिंग राठोड. लालसिंगला जाऊन सहा वर्षं झाली. त्याचं नाव कुठल्या कागदावर आलं नव्हतं, तेवढं तरी येऊ द्या.

त्यांनी लिहिलं, आणि पंपवाल्यांनी त्या दोनशेंना मोरचूद पाजला. मग मी माझा कागद पुढे केला. 'प्रादुर्भाव हा शब्द मूळ अहवालात नाही. तो मी घातला. चूक माझी आहे.' अमृतरावांनी दोनदा वाचला आणि मला बाजूला नेऊन, अगदी मायेनं, म्हणाले की राधाकृष्णराव, हा आवक नोंदवहीत चढवू नका. चूक कबूल करणाऱ्या कागदाला आपल्याकडे खातंच नाही. मी चढवला. आज मला खुलासा मागणारं पत्र आलं, वरिष्ठांच्या परवानगीशिवाय इंग्रजी शब्दाचं भाषांतर केल्याबद्दल.

मामा


पुणे
५ जुलै २००१

प्रिय मामा,

रागावून पत्र लिहायला बसले होते. ते फाडलं.

चूक तुमच्या एकट्याची नाही. आमच्या शास्त्रातसुद्धा अनेक वर्षं याला रोगाचाच शब्द, 'इन्फेक्शन', वापरत आले. अलीकडे बदलला, पण जुन्या सवयीनं मीही तोच लिहिला. ज्याला आम्हाला धड नाव देता आलं नाही, त्याचं भाषांतर तुमच्याकडून बरोबर व्हावं, ही अपेक्षा जरा जास्तच होती. यापुढे माझ्या मराठी टिपणांत मी बिऱ्हाड लिहिणार आहे. मार्गदर्शकांनी भुवया उंचावल्या. उंचावू देत.

भिकाबाईंना सांगा की त्यांनी केलं ते अस्सल शास्त्र आहे. थोडं असं, बाकीचं तसं, एकाच जमिनीत, आणि मोजणार विरोधक. आम्हाला हे शिकायला पदवी लागते.

केतकी


हिंगोली
२ जून २००२

चि. केतकीस,

वर्षभर मी मुद्दामच कमी लिहिलं. रोपं लावली, पाऊस बरा झाला, उन्हाळा भयंकर झाला. मार्चात जमीन पुन्हा पांढरी पडली. बायकांनी कालव्याच्या तळातलं उरलंसुरलं पाणी हंड्यांनी घातलं. मोजणी २९ मेला झाली.

अमृतराव स्वतः मोजत होते. ऑगस्टात ते निवृत्त होणार आहेत. माणूस वाईट नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक रोपापाशी वाकून, नखानं साल खरवडून, हिरवं आहे का पाहत होते. मोरचूद पाजलेल्या दोनशेंपैकी सव्वीस जिवंत. न पाजलेल्या अठराशेंपैकी अकराशे चौतीस. म्हणजे तिची शंभरात त्रेसष्ट, खात्याची शंभरात तेरा.

आता सरकारी गणित ऐक. अट गेल्या पावसाळ्यातल्या सगळ्या लागवडीची आहे, आधीची एक्कावन्न त्यात धरत नाहीत. दोन्ही मिळून अकराशे साठ. शंभरात अठ्ठावन्न. चाळीस झाडं कमी.

म्हणजे त्यांनी मारलेली झाडं तिच्या हिशेबात. मी भांडलो. अमृतराव म्हणाले, मला मान्य आहे, पण फॉर्मात वेगळा रकाना नाही. मग त्यांनी आम्हाला करंजाखाली बोलावलं आणि एक कागद दाखवला, आधीच टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं की सर्व रोपांना खात्याने शिफारस केलेली बुरशीनाशक प्रक्रिया करण्यात आली आणि त्यामुळे लागवड यशस्वी झाली. भिकाबाईने याखाली सही केली, तर ते साठ टक्के लिहायला तयार होते. निवृत्तीच्या आधी त्यांना एक यशस्वी लागवड हवी होती. तिला जमीन हवी होती. चाळीस झाडांनी कुणाचं काय जातं, असं ते म्हणाले, आणि मला सांगायला लाज वाटते की मलाही ते पटलं.

प्रेमदास सही कर म्हणाला. बायकांतल्या निम्म्या सही कर म्हणाल्या. मी सही कर म्हणालो. म्हटलं, भिकाबाई, जमीन राहू दे, शब्दांचं काय एवढं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "भाऊसायेब, तुमचा येक शबुद कागदावर चढला, तर पावणेदोनशे झाडं मेली. ह्यो तर आख्खा कागद हाय."

मग अमृतरावांना शांतपणे सांगितलं की हा कागद वर गेला, की पुढच्या साली सगळ्या रोपवाटिकांत मोरचूद ओततील आणि माझी सही दाखवतील. कुठल्या कुठल्या तांड्यावर झाडं मरतील आणि बायका म्हणतील, कोण ही भिकाबाई. अठ्ठावन्न लिवा.

अमृतरावांनी पेन उघडलं. मग अठ्ठावन्न लिहिलं. तिने खाली सही केली. अक्षरं ओळखायला पोरीनं, नीतानं शिकवलं आहे. पूर्ण नाव लिहिते, सावकाश, सगळ्यांना थांबवून.

आता जमीन परत घेण्याचा आदेश निघेल. ज्या माणसाने फायलीत आयुष्य काढलं, त्याला तिच्यासमोर उभं राहवेना. मी घरी निघून आलो.

मामा


पुणे
१५ जून २००२

प्रिय मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आता माझी कबुली.

दीड वर्ष मी तुम्हाला ज्या खात्रीने लिहीत आले, तेवढी मला नव्हती. कुंडीत चाललं ते रानात चालेलच असं नसतं. त्या मिठाला ती बुरशी पुरेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. कदाचित तिची त्रेसष्टऐवजी वीसच जगली असती. तेव्हा मी काय लिहिलं असतं, कुणास ठाऊक. मी इथे सुरक्षित बसून खात्री दाखवत होते आणि तिने माझ्या शब्दावर जमीन लावली. नाही, हेही चूक आहे. तिने स्वतःच्या एक्कावन्न झाडांवर लावली. माझ्या शब्दावर फक्त तुम्ही आणि मी अवलंबून होतो.

मी असते तर मीही सही केली असती.

आदेशाविरुद्ध दाद मागता येते का? येत असेल तर मी शपथेवर लिहून देईन, बोलावतील तिथे येईन. दोनशे आणि अठराशे वेगळे मोजा, एवढंच माझं म्हणणं. आणि तुम्ही घरी बसू नका. अर्ज तुम्हीच लिहायचा आहे. शब्द तिला विचारून घाला.

तुमची,
केतकी


तांडा, जवळा बाजारजवळ
९ सप्टेंबर २००३

केतकीबाईस,

भिकाबाईचा रामराम.

हे पत्र भाऊसायेब लिवून राहिले, पण बोलून मी राहिले. त्येंनी मधी काही घातलं तर कंसात घालतील, आसं ठरलंय. (मान्य आहे. – रा.)

जमीन परत घेतली आसा कागद गेल्या दिवाळीत आला. आमी वर अर्ज केला. तुमचं लिवलेलं जोडलं. (अर्जात मी 'नम्र विनंती' असं लिहिलं होतं. बाईने खोडायला लावलं. म्हणाली, विनंती काहून? मागून न्हाई राहिलो, सांगून राहिलो. – रा.) आर्ज कुठं हाय त्ये कुनाला ठावं न्हाई. भाऊसायेब म्हणतात, वरच्या कचेरीत झोपलाय. झोपू द्या. झाडं झोपत न्हाईत. (एकोणतीस वर्षं मी लोकांच्या फायली पुढे ढकलत आलो. ही एकच आहे जी हलू नये म्हणून मी देवाला दिवा लावतो. – रा.)

जिथं मेली तिथं आमी परत लावली. गेल्या पावसाळ्यात आन ह्या पावसाळ्यात. परवानगी इचारली न्हाई. ज्वारी करतो, मुळं कुटतो, पिशव्या भरतो. गेल्या साली सहाची अकरा घरं मागं राहिली, उसाला गेली न्हाईत. माझी नीता दहावीला हाय. गोरेगावकडल्या दोन तांड्याच्या बाया जीपनं आल्त्या, माती मागाया. दिली. त्येंच्याकडं बी तसंच मीठ हाय. काय करायचं त्ये सांगितलं, आन त्या मातीचं नाव कुठल्या कागदावर लिवू नका म्हणलं, लिवलं की औषध घेऊन येतील.

अमृतराव सायेब येऊन गेले. आता त्ये सायेब न्हाईत. त्येंच्या रानातबी खार फुटलाय. चाळीस रोपं मागितली. मी इचारलं, कोणची देऊ, औषधाची का बिनऔषधाची? बिनऔषधाची म्हणाले. दिली. काहून न द्यावी? मोजली तवा त्येंनी बराबर मोजली व्हती.

आता खरी गोष्ट. एप्रिलात नवा सायेब जमीन ताब्यात घ्यायला आला. पोरगाच हाय, चांगल्या घरचा वाटला. संगं छापलेला कागद. त्यात लिवलेलं, 'पडीक जमीन ताब्यात घेतली', आन खाली माझी सही पायजेल. मी त्येला सगळं रान फिरवलं. करंज आता माझ्या कमरेच्या वर गेलाय, बाभळीला काटं आलेत, त्येचा पायजमा दोन जाग्याला फाटला. फिरवून झाल्यावर म्हणलं, सायेब, ह्यात पडीक कुठं हाय त्येवढं दाखवा, तिथं उभं राहून सही करते.

त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाला, छापील हाय, बदलता येत न्हाई, वर इचारून येतो. पाच महिनं झालं, इचारून राहिला आसंल. (वरून त्याला अजून पर्यायी शब्द मिळालेला नाही. मला विचारलं होतं. मी सांगितलं, शब्द देणं मी सोडलं आहे. – रा.)

प्रेमदास म्हणतो, येक ना येक दिवस येतील, जमीन नेतील. येतील बी. जबरी केली तर आमी चौदा बाया हाव, आता तर गोरेगावच्या बी येतो म्हणल्यात. पण न्यायच्या आधी त्येला कागदावर खरं लिवावं लागंल, की हितं अकरा एकर झाडं हायेत, मिठातली, बायांनी लावलेली, आन ती आमी काढून घिऊन राहिलो. आसं लिवून खाली सही करणारा सायेब मला बघायचाय.

तुमी दिवाळीला या. येताना ती काच आना, ज्यात लहान मोठं दिसतं. शाई भाऊसायेबाकडं हाय. तीन साल झालं, मुळाशी बिऱ्हाड राहून राहिलं, आन मी घरमालकीण आसून त्येचं तोंड बघितलं न्हाई.

(शेवटी मी 'आपली नम्र' असं लिहिलं होतं. तेही खोडलं आहे. – रा.)

भिकाबाई लालसिंग राठोड